अंथरुणावरच्या माणसाचा महिना कितीला पडतो?

पक्षाघाताचा झटका आला की पहिले काही दिवस पैसा रुग्णालयात जातो. त्याची थोडीफार तयारी बहुतेक घरांत असते: विमा, मोडायला काढलेले दागिने, भावाकडून उसने घेतलेले पैसे. माणूस घरी आल्यावर जो खर्च सुरू होतो, तो मात्र कुणी धरलेलाच नसतो. आरोग्य विमा आणि सरकारी योजना साधारणपणे भरती झालेल्या रुग्णाचे बिल देतात. घरी ठेवलेली आया, डायपर, फिजिओच्या फेऱ्या हे सगळे खिशातून जाते आणि वर्षानुवर्षे जात राहते. हुबळीतल्या दाजीबानपेठेसारख्या जुन्या वस्तीत खाली दुकान, वर घर. वरच्या खोलीत अंथरुणावरचे आजोबा, आणि एखाद्या घरात बौद्धिक अपंगत्व असलेली मुलगी किंवा मानसिक आजाराची औषधे घेणारा भाऊ. अशा घरांसाठी हा हिशेब.

सगळ्यात मोठा आकडा आयाचा. बारा तासांच्या पाळीसाठी दिवसाला ७०० रुपये धरू. आया पुरवणाऱ्या तुमच्या ब्यूरोचा दर वेगळा असेल तर तो घाला, रीत तीच. महिन्याचे २१,००० झाले. दिवसाला तीन डायपर, एक ४० रुपयांना, म्हणजे ३,६००. फिजिओच्या आठवड्याला तीन फेऱ्या, फेरीला ४००, म्हणजे ४,८००. औषधांचे २,५००, आणि हातमोजे, अंडरपॅड, युरीन बॅग मिळून १,०००. बेरीज ३२,९००. वर्षाला चार लाखांच्या घरात. रात्रीचीही आया ठेवली तर महिना ५३,९०० वर जातो.

यात कुठे कमी करता येते? आयाच्या रकमेत घाई करू नका, पण काम काय आहे ते आधी नीट ठरवा. अंघोळ, कपडे, भरवणे, कूस बदलणे ही आयाची कामे. नाकातल्या नळीतून अन्न, सक्शन, इंजेक्शन ही नर्सची. ‘नर्स’ म्हणून जास्त दर लावून आया पाठवल्याच्या तक्रारी पुष्कळ ऐकू येतात, म्हणून नर्स सांगितली असेल तर राज्य नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दाखवायला सांगा. उलट साध्या कामासाठी नर्सचा दर देऊ नका. ब्यूरोला चार प्रश्न विचारा: नोंदणी शुल्क परत मिळते का, आया सुट्टीवर गेली तर बदली माणूस किती वेळात येतो, जेवण-चहा कुणाचा, आणि मध्येच थांबवले तर किती दिवसांचे पैसे कापतात. उत्तरे कागदावर घ्या. तीन महिन्यांचे आगाऊ पैसे मागणाऱ्याला आधी आठवडाभर काम करून दाखवायला सांगणे यात काही गैर नाही.

फिजिओला पहिल्याच दिवशी सांगा की व्यायाम घरच्यांना शिकवायचे आहेत. चांगला फिजिओ ते आनंदाने करतो, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने फेऱ्या हळूहळू कमी होतात. डायपर दिवसा टाळता येतो का पाहा. अंडरपॅड आणि ठरलेल्या वेळी भांडे देणे यावर बऱ्याच जणांचे दिवसाचे भागते. एका गोष्टीत मात्र काटकसर करूच नका. दर दोन तासांनी कूस बदलायची. पलंगाशेजारी भिंतीवर कागद चिकटवून ज्याने कूस बदलली त्याने वेळ लिहायची: ६ डावी, ८ पाठ, १० उजवी. पाठीला किंवा टाचेला एकदा जखम झाली की ड्रेसिंगवर महिन्यामहिन्याला जाणारा पैसा एअर बेडच्या किमतीला कधीच मागे टाकतो. आणि वेदना वेगळीच.

पलंग, व्हीलचेअर विकत घ्यायच्या की भाड्याने? भाड्याला किमतीने भागून पाहू नका, किमतीला भाड्याने भागा. आठ-दहा महिन्यांच्या भाड्यात वस्तू विकत येत असेल आणि डॉक्टर वर्षाच्या वर सांगत असतील, तर विकत घ्या. पण व्हीलचेअर घेण्याआधी मोजपट्टी काढा. आपल्या पेठेतल्या जुन्या घरांत आतले दार अरुंद आणि जिना उभा असतो. नेहमीची घडीची व्हीलचेअर बाहेरून साधारण २५ ते २७ इंच रुंद भरते. सगळ्यात अरुंद दार मोजा, जिन्याचे वळण मोजा, मगच दुकानात जा. कुटुंबाचे उत्पन्न कमी असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून अशी साधने मोफत किंवा अर्ध्या किमतीत मिळतात, त्यामुळे आधी जिल्हा अपंग कल्याण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा.

वरच्या बेरजेत एक रकाना रिकामा आहे. रात्री दोनदा उठणारी सून, नोकरी सोडून घरी बसलेली मुलगी, यांच्या कामाची रक्कम शून्य धरली जाते. मला हे फार चुकीचे वाटते. महिन्यातून दोन रविवार तिला मोकळे मिळावेत म्हणून बदली आयाचे १,४०० रुपये हिशेबात लिहाच; ती रक्कम औषधाइतकीच गरजेची आहे. कर्नाटक सरकारने २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी महिन्याला १,००० रुपये जाहीर केले. रक्कम लहान आहे, पण घरातले काम हे काम आहे असे सरकारी कागदावर तरी आले.

आता कागदपत्रे. यांचा खर्च जवळजवळ शून्य, आणि यांच्यावरच पुढचे सगळे अवलंबून. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत. मानसिक आजार आणि पार्किन्सनही त्यात आहेत. यूडीआयडी या अपंगत्वाच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन, विनाशुल्क. ऑक्टोबर २०२४ च्या नियमांनी कार्डाला रंग आले: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि त्यापुढे निळा. प्रमाणपत्र देण्याची मुदतही एका महिन्यावरून तीन महिने झाली, तेव्हा उशीर धरूनच चाला. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात.

आपल्याकडे अर्ज अडतो तो नावापाशी. शाळेच्या दाखल्यावर चव्हाण, आधारवर चौहाण, रेशन कार्डावर कन्नडमधून तिसरेच काही. यूडीआयडीसाठी आधार लागतेच, म्हणून आधी आधार दुरुस्त करा आणि मग अर्ज भरा. उलटे केलेत तर दोनदा खेटे पडतील. अर्ज कन्नडमध्ये भरणे जमत नसेल तर शहरात नेमलेल्या पुनर्वसन कार्यकर्त्यांची मदत घ्या, त्यांचे तेच काम आहे. एजंटला पैसे द्यायचे कारण नाही. बौद्धिक चाचणी असेल तर मूल घरी कोणती भाषा बोलते ते तपासणाऱ्याला आधी सांगा. कन्नड प्रश्न न समजल्याने चुकलेले उत्तर अपंगत्वात मोजले जाऊ नये.

कार्ड आले की नाडकचेरीत पेन्शनचा अर्ज. उत्पन्नाची अट आहे. २०२१ मध्ये ४० ते ७५ टक्क्यांसाठीची रक्कम ६०० वरून ८०० रुपये झाली. ७५ च्या वर १,४०० मिळतात. बसचा सवलत पास वर्षाला ६६० रुपयांत, राहत्या ठिकाणापासून १०० किलोमीटरपर्यंत. रेल्वेत सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला आणि तिच्या सोबत्यालाही स्लीपर व थर्ड एसीत ७५ टक्के सवलत आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेत जाणाऱ्यांना याचा मोठा उपयोग. हुबळीचा लांब फलाट १,५०७ मीटरचा आहे, त्यामुळे डबा कुठे येतो ते विचारूनच व्हीलचेअर ढकला.

मानसिक आजारासाठी मात्र बंगळुरू गाठायलाच हवे असे नाही. धारवाडची डिमहान्स ही संस्था १८४५ च्या जुन्या मनोरुग्णालयातून उभी राहिली आहे. हुबळीहून धारवाडपर्यंत चिगरी ही शहरबस जाते. तिचा थांबा बसच्या पायरीच्या उंचीचा असल्याने म्हाताऱ्या माणसाला चढणे सोपे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला, कार्ड हातात असो वा नसो, सरकारी मानसोपचार मोफत आहेत. रोजच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा; वर्षानुवर्षे चालणाऱ्या औषधात हा फरक फार पडतो. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराप्रमाणेच धरावा लागतो. पॉलिसीचा कागद वाचा आणि दावा नाकारला तर कारण लेखी मागा.

‘रिहॅब सेंटर’मध्ये ठेवण्याची वेळ आली तर पैसे देण्याआधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी पाहा. व्यसनमुक्ती केंद्रालाही हेच लागू. भेटायला बंदी, आतली खोली दाखवायला नकार, बांधून ठेवण्याची भाषा, यातले काहीही दिसले तर माणसाला घरी परत आणा. साखळदंड घालणे कायद्याने गुन्हा आहे. मध्यरात्री कुणाशी तरी बोलायला हवे असेल तर टेलिमानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, मोफत चालू असतो.

मुलांसाठी स्पीच थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षिका लावताना भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर निरामया विमा घ्याच. वर्षाला एक लाखापर्यंतचे संरक्षण, नोंदणीला दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० आणि इतरांना ५०० रुपये, आणि यात थेरपीसुद्धा येते. दुसरा कुठलाही विमा थेरपीला सहसा हात लावत नाही.

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने सज्ञान होते आणि आई-वडिलांची सही आपोआप चालेनाशी होते. बँकेत पहिल्यांदा कळते ते हेच. वर निरामयासाठी सांगितलेल्या चार प्रकारच्या अपंगत्वांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्वाचे प्रमाणपत्र देते. सतराव्या वर्षीच कागद जमवायला लागा. आणि हुबळी हे रेल्वेचे गाव. ज्या घरात रेल्वेची पेन्शन येते तिथे, कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला किंवा मुलीला आई-वडिलांच्या पश्चात आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते. त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन मुलाचे नाव पेन्शनच्या कागदात आई-वडील हयात असतानाच घालून घ्या. नंतर भावंडांना ते सिद्ध करायला फार जड जाते.