परतीची तारीख



अमेरिकेत बारा-पंधरा वर्षे काढलेल्या घरात परतायचे की नाही, यावर वर्षानुवर्षे खल चालतो. नेमके केव्हा परतायचे, हे मात्र तिकिटे काढायच्या आठवड्यात घाईने ठरते, आणि नुकसान होते ते बहुतेक इथेच. मुलाची इयत्ता, आईवडिलांची तब्येत, आयकराचे वर्ष आणि तिकडचे पेन्शन-व्हिसाचे कागद यांची वेळापत्रके सहसा जुळत नाहीत. त्यामुळे पहिला मान कुणाला द्यायचा, हे आधी ठरवावे लागते. जे नुकसान पुढे भरून निघणार नाही ते आधी टाळावे. पैसा पुन्हा मिळवता येतो. मुलाचे नववीचे वर्ष किंवा वडिलांची आठवण शाबूत असलेली दोन वर्षे पुन्हा मिळत नाहीत.

शाळेच्या दृष्टीने परतायला सर्वांत सोपा काळ पाचवीपर्यंतचा. सहावी-सातवीतही जमते, पण मग रोज संध्याकाळी घरातल्या कुणीतरी मुलाजवळ बसायला हवे. आठवीनंतर आणलेल्या मुलावर नवी शाळा, नवी भाषा आणि दहावीचे दडपण ही तिन्ही ओझी एकदम पडतात. ते शक्यतो टाळावेच. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली आहे. ‘आम्ही घरी मराठीच बोलतो’ यावर विसंबलेल्या पालकांची इथे फसगत होते. आजीशी फोनवर घडाघडा बोलणारी दहा वर्षांची मुलगी बालभारतीच्या पुस्तकातल्या ‘सूर्य’पाशी अडते, कारण तो रफार य च्या डोक्यावर का बसला आहे हे तिला कुणी दाखवलेलेच नसते. गणिताच्या वहीत १२,३४,५६७ हा आकडा दिसला की स्वल्पविराम चुकून भलतीकडे पडला असे समजून ती तो खोडते. यात बुद्धीचा काही दोष नाही, सवय नाही इतकेच. निघण्याआधी वर्षभर रोज अर्धा तास देवनागरी वाचायला-लिहायला बसवले, तर पहिल्या सहामाहीतले बरेचसे रडणे वाचते. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा उत्तर अमेरिकेतल्या अनेक शहरांत भरतात. जवळपास असेल तर त्या शाळेत मुलाला जरूर घालावे.

राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, केंद्रीय मंडळाच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्ये. अमेरिकेतले वर्ष मेअखेर किंवा जूनमध्ये संपते, त्यामुळे राज्य मंडळाशी मेळ बरा बसतो. तिकडच्या शाळांना ‘शाळा सोडल्याचा दाखला’ हा प्रकार ठाऊक नसतो. म्हणून मुलाचे नाव, जन्मतारीख, पूर्ण केलेली इयत्ता आणि शेवटचा दिवस असे सगळे लिहिलेले सही-शिक्क्याचे पत्र शाळेच्या लेटरहेडवर निघण्याआधीच मागून घ्यावे. पुण्यात बसून ईमेलवर ते मिळवणे फार जिकिरीचे होते.

तिकडे जन्मलेल्या मुलाकडे अमेरिकी पासपोर्ट असतो, म्हणून त्याचे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड निघण्याआधीच काढावे. याच्याशी जोडलेली एक गोष्ट पालकांना फार उशिरा कळते, बहुधा मूल बारावीला पोहोचल्यावर. ४ मार्च २०२१च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर ओसीआय विद्यार्थ्याला नीट, जेईई यांसारख्या प्रवेशपरीक्षांतून फक्त अनिवासी भारतीयांच्या किंवा अतिरिक्त जागा मिळू शकतात. केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर त्याचा हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असा निर्वाळा दिला की, हा नियम त्या तारखेनंतर कार्ड मिळालेल्यांनाच लागू होतो. तेव्हा कार्डावरची तारीख नीट पाहावी. डॉक्टर व्हायचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाला हे सातवीतच सांगितले, तर खर्चाची आणि मनाची तयारी करायला वेळ मिळतो.

आईवडिलांसाठी परतायचे असे म्हणणारे बरेचजण पहिला फोन हॉस्पिटलमधून आल्यावर निघतात. तोवर उशीर झालेला असतो. सोबत हवी असते ती वडील स्वतःच्या पायांनी बागेतल्या कट्ट्यावर जाऊन येतात त्या वर्षांत. आल्यावर मुलगा पहिल्याच महिन्यात पाणी शुद्ध करायचे नवे यंत्र बसवतो, स्वयंपाकाच्या बाई बदलतो आणि औषधांचा जुना स्टीलचा डबा टाकून सात कप्प्यांची प्लॅस्टिकची पेटी आणतो. हेतू चांगलाच असतो. पण त्या डब्यात कोणती गोळी कुठे आहे, हे आईला अंधारातही कळत होते. पंधरा वर्षे दोघांनीच जे घर चालवले, त्यात पाहुण्यासारखे शिरावे आणि सहा महिने नुसते पाहावे. जे खरोखर धोक्याचे आहे, म्हणजे मोरीतली निसरडी फरशी किंवा जिन्यावरचा अंधार, तेवढेच आधी दुरुस्त करावे. एकाच घरात राहण्यापेक्षा त्याच सोसायटीत किंवा चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहणे दोन्ही पिढ्यांना अधिक मानवते. सूनबाईच्या आईवडिलांचाही याच वेळी विचार व्हायला हवा. ते नाशिकला किंवा नागपुरात असतील, तर त्यांच्या वाट्याला किती दिवस येणार, हे गाव निवडतानाच बोलून घ्यावे. पुढे तो विषय भांडणातूनच निघतो.

आता पैसा. भारतात ‘निवासी’ कोण, हे दोन कायदे वेगवेगळ्या पद्धतीने ठरवतात. १९९९चा परकीय चलन कायदा (फेमा) हेतू पाहतो. कायम राहायच्या इराद्याने माणूस विमानातून उतरला की त्या दिवसापासून तो निवासी. त्यानंतर अनिवासींसाठीचे एनआरई खाते तसेच ठेवता येत नाही. ते साध्या निवासी खात्यात किंवा परतलेल्यांसाठी असलेल्या आरएफसी या परकीय चलनाच्या खात्यात बदलून घ्यावे लागते. अनिवासींच्या परकीय चलनातल्या एफसीएनआर ठेवी मात्र मुदत संपेपर्यंत चालतात. परदेशात असताना घेतलेले घर, शेअर, बँकेतला पैसा तिकडेच ठेवायला हा कायदा मुभा देतो. घाबरून सगळे विकून येण्याचे कारण नाही.

आयकर खाते हेतू पाहत नाही, दिवस मोजते. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात काढले की माणूस निवासी ठरतो. त्याआधी त्याच वर्षात लग्नकार्याला येऊन गेलेले दिवसही मोजले जातात. यावरून ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावरच परतावे, असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि त्यापायी मुलाचे शाळेचे वर्ष अर्ध्यात तोडले जाते. हे बरोबर नाही. आधीच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असलेला माणूस जूनमध्ये परतला, तरी त्याला ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ हा मधला दर्जा मिळतो. तो साधारण दोन ते तीन वर्षे टिकतो. या काळात अमेरिकेतले व्याज, लाभांश, घरभाडे किंवा तिकडचे शेअर विकून झालेला नफा यांवर भारतात कर लागत नाही. म्हणजे जूनमध्ये येऊन करात फारसे काही हातचे जात नाही. पुण्यात बसून अमेरिकी कंपनीचे काम केले, तर तो पगार मात्र पहिल्या दिवसापासून भारतीय उत्पन्न धरला जातो, मग तो कुठल्याही बँकेत जमा होवो. हा मधला काळ संपला की विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवावी लागते. लपवली तर २०१५च्या काळा पैसा कायद्यात दहा लाख रुपये दंडाची तरतूद आहे. दोन्ही देशांची करपद्धती जाणणाऱ्या सनदी लेखापालाला निघण्याआधीच गाठावे. त्याची फी वाया जात नाही.

अमेरिकेच्या बाजूलाही तारखा आहेत. सोशल सिक्युरिटीचे पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षे. जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्याशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, अमेरिकेशी नाही. त्यामुळे नऊ वर्षे कापलेले पैसे इकडच्या नोकरीला जोडता येत नाहीत. क्रेडिट महिन्यांवर नव्हे, वर्षातल्या कमाईवर मिळतात, तेव्हा दहाव्या वर्षाचे पहिले काही पगार घेऊन निघाले तरी बहुतेकांचे भागते. ४०१ के या निवृत्ती खात्यातला पैसा साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी काढला, तर सहसा करावर आणखी १० टक्के दंड पडतो. तो तिथेच राहू द्यावा. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तीन देशांतल्या अशा निवृत्ती खात्यांवरचा कर पैसे काढेपर्यंत पुढे ढकलायची सोय भारतीय आयकरात आहे. त्यासाठी विवरणपत्राआधी वेगळा अर्ज भरावा लागतो. ग्रीन कार्डवाल्याने गेल्या पंधरा करवर्षांपैकी आठ वर्षे ते बाळगले असेल, तर परत करताना संपत्तीनुसार बाहेर पडण्याचा कर लागू शकतो, म्हणून सोडायचे असल्यास आठवे करवर्ष सुरू होण्याआधी सोडावे. सोडायचे नसेल, तर दोन वर्षांपर्यंतचा पुनःप्रवेश परवाना अमेरिकेत असतानाच मागावा लागतो.

आरोग्यविम्याचे काम तर सर्वांत आधी करावे. असलेल्या आजारासाठी प्रतीक्षेचा काळ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे, पण पॉलिसी घेतल्याशिवाय तो सुरूच होत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने निघायच्या दोन-तीन वर्षे आधी इथली पॉलिसी घेतली, तर परतेपर्यंत बराचसा काळ सरलेला असतो.

सामानाबद्दल थोडक्यात. तिकडची वीज १२० व्होल्टची, इकडची २३०ची. स्वयंपाकघरातली यंत्रे आणूच नयेत. दाबलेल्या भुशाचे फर्निचर पहिल्या पावसाळ्यात फुगते. पुस्तके, वाद्ये, मुलाची सायकल, फोटो आणावेत.

राहिले काम, आणि टिकून राहायचे की पुन्हा जायचे हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते. नुसती ओढ दीड-दोन वर्षे पुरते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून आले ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या ठरलेल्या कामावर. पुण्यात त्यांची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली ती १९८८ मध्ये, सोळा वर्षे इथल्या व्यवस्थेत मुरल्यानंतर. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कॉर्नेलची डॉक्टरेट घेतली, परतल्यावर पाठीशी तयार संस्था नसताना मराठी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, आणि त्यासाठी उभे आयुष्य झिजवले. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण हातात घ्यायचे काम दोघांपाशी होते. सामान्य नोकरदारालाही हेच लागू आहे. अमेरिकी पगाराला रुपयांनी गुणत बसू नये. आपल्याला इथे नेमके काय करायचे आहे, हे नवरा-बायको दोघांनी वेगवेगळे लिहून काढावे. एकाच्या कागदावर उत्तर असेल आणि दुसऱ्याचा कोरा असेल, तर तारीख पुढे ढकलावी. बायकोची नोकरी ‘तिकडे गेल्यावर बघू’ या खात्यात टाकून निघालेली घरे पहिल्या वर्षीच कडवट होतात.

घर पहिल्या वर्षी विकत घेऊ नये, भाड्याने राहावे. शाळा, कचेरी आणि आईवडिलांचे घर यांमधला रस्ता सकाळी नऊ वाजता आणि भर पावसात कसा असतो, हे एक वर्ष पाहिल्यावर कोणत्या भागात राहायचे ते आपोआप कळते.