जमीन गरम, पाय बधिर

परवा दवाखान्यात माझ्या एक जुन्या रुग्ण आल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या डिसेंबरात कॅनडाला निघाल्या आहेत. वय ६३, मधुमेह १४ वर्षांचा. म्हणाल्या, "डॉक्टर, लेकीच्या घरी म्हणे फरशीच गरम असते. माझ्या तळपायांना सारख्या मुंग्या येतात. तिथं अनवाणी चालले तर बरं वाटेल ना?" आपल्याकडचे कितीतरी आईवडील हल्ली ऐन थंडीत मुलांकडे परदेशी जातात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सर्वांसाठीच देतो.

प्रथम ही व्यवस्था समजून घेऊ. फरशीखाली नळ्यांचे जाळे असते व त्यातून साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअसचे पाणी फिरते. काही घरांत नळ्यांऐवजी विजेच्या तारा असतात. कल्पना नवी नाही. कोरियात स्वयंपाकघरातील चुलीची धग व धूर जमिनीखालून फिरवून खोली उबदार ठेवीत. त्याला 'ओंडोल' म्हणतात. पुढे तेथे लाकडाऐवजी दगडी कोळशाच्या वड्या आल्या आणि जमिनीच्या फटींतून शिरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच अनेकांचे बळी घेतले. आता पाणी नळ्यांतून फिरते. खोलीच्या जमिनीखाली धूर नसतो.

मग ही जमीन पायाला भाजते का? नीट बसवलेली असेल तर नाही. युरोपातील मानकांप्रमाणे वावरण्याच्या जागी फरशी २९ अंशांपेक्षा जास्त तापू देत नाहीत. ती गरम लागत नाही, फक्त गार लागत नाही, इतकेच. निरोगी माणसाला ही ऊब सुखाची असते.

धोका वेगळाच आहे. माझे एक रुग्ण, वय ६८, असेच मुलाकडे गेले होते. सवय जमिनीवर झोपण्याची. विजेच्या तारांनी तापणाऱ्या फरशीवर त्यांनी जाड गादी घातली, पाय उघड्या फरशीवर टेकवले आणि वरून रजई घेतली. जाड पांघरुणाखाली उष्णता कोंडते व तेथील फरशी ठरल्यापेक्षा जास्त तापते. सकाळी टाचेवर मोठा फोड आला होता. तो दिसला पत्नीला; त्यांना स्वतःला काहीच कळले नव्हते! ती जखम भरायला चार महिने लागले.

असे का घडले? दीर्घकाळच्या मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होतात. भाजू लागले की आपण झोपेतही पाय ओढून घेतो. बधिर पाय तिथेच राहतो. भाजायला उकळते पाणीच लागते असेही नाही. १९४७ साली मोरित्झ व हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की, ४४ अंशांची वस्तूही सुमारे सहा तास त्वचेला टेकून राहिली तर भाजते. सहा तास म्हणजे एक रात्रच!

तेव्हा मधुमेही मंडळींनी एवढे पाळावे :

१) गरम फरशीवर झोपू नये, पलंगावरच झोपावे. अनेक तास एकाच जागी पाय टेकवून बसू नये.
२) फरशीवर गादी, रजई, जाड सतरंजी पसरू नये.
३) घरातही सुती मोजे व मऊ सपाता वापराव्यात.
४) फरशी किती तापली आहे हे पायाने नव्हे, हाताने किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाकडून पाहावे.
५) थंड प्रदेशात त्वचा कोरडी पडून भेगा पडतात. पायांना तेल किंवा क्रीम लावावे. बोटांच्या बेचक्यांत मात्र लावू नये.
६) रोज रात्री उजेडात तळपाय पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरावा. फोड दिसल्यास तो न फोडता लगेच डॉक्टरांना दाखवावा.

त्या ताईंना डोळे मिटायला सांगून मी त्यांच्या तळपायांना नायलॉनचा तंतू टेकवून पाहिला. दहांपैकी चार जागी त्यांना तो कळलाच नाही. डोळे उघडून त्यांनी विचारले, "झालं? केव्हा लावलात?" मग मुंग्यांकडे त्या इतके दिवस दुर्लक्ष का करत होत्या, हे मी विचारले नाही. एका कागदावर वरच्या सहा गोष्टी लिहून दिल्या आणि तो लेकीलाही वाचायला द्या असे सांगितले.

तुमच्या घरातले कोणी जाणार असेल तर तिकिटाआधी त्यांचे तळपाय तपासून घ्या. ऊब जरूर घ्यावी, पण बधिर पायांच्या भरवशावर नको.