मंद गतीचे मूळ

दूरस्थ वर्ग चालू असावा आणि शिक्षकांचे वाक्य मध्येच तुटावे, हा अनुभव पुष्कळ विद्यार्थ्यांना येतो. अशा वेळी घरची मंडळी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला दोष देऊन मोकळी होतात. परंतु केबलने राउटरपर्यंत वेगाने आलेला संदेश पुढे रेडिओलहरींवर स्वार होऊन खोल्याखोल्यांतून हिंडतो, आणि अडखळतो तो बहुधा तेथेच.

याची परीक्षा सोपी आहे. घरातील इतर यंत्रे बंद ठेवून संगणक केबलने राउटरला जोडावा व वेग मोजावा. मग केबल काढून दूरच्या खोलीत पुन्हा मोजावा. पहिला वेग पुरेसा आणि दुसरा तुटपुंजा भरला, तर दोष घरातच आहे. लोखंडी कपाट लहरींना परतवून लावते. जाड भिंती त्यांना क्षीण करतात. मायक्रोवेव्हची तर गंमतच आहे! त्याच्या लहरी २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या, आणि वायफायचा एक पट्टाही २.४ गिगाहर्ट्‌झचा; म्हणून तिकडे भाजी गरम होऊ लागली की इकडे चित्र थबकते. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा या गोंगाटातून सुटतो. मात्र भिंतींपुढे तो लवकर थकतो.

केबलनेही वेग कमीच भरला, तर तक्रार अवश्य करावी. तत्पूर्वी एकक तेवढे पाहावे: सेकंदाला ४० मेगाबिट म्हणजे ५ मेगाबाइटच होत.