वारा दिसत नाही, पण कळतो

वारा कुणी पाहिला आहे? कुणीच नाही. मग वारा आहे हे कसे कळते? झाडाची पाने हलतात. चुलीचा धूर एका बाजूला जातो. दोरीवरचे लुगडे फडफडते. वारा दिसत नाही. त्याचे काम दिसते.

खळ्यावर आपण धान्य उफणतो. दाणा जड, तो खाली पडतो. भुसकट हलके, ते वाऱ्याबरोबर लांब जाते. वारा पडला की काम थांबते. म्हणजे वाऱ्याची ओळख आपल्याला आहेच. ती लहान मुलांनाही करून द्यावी.

तीन-चार वर्षांचे मूल सारखे विचारते, "वारा कुठून येतो?" आपण कामात असतो. "गप बस," म्हणतो. माळावर वावटळ उठली, की "भूत आलं, आत पळ," म्हणतो. मूल भिते. हळूहळू ते विचारायचेच सोडून देते. हे नुकसान मोठे आहे.

वावटळीत भूत नसते. उन्हाने जमीन तापते. जमिनीलगतची हवाही तापते, हलकी होते आणि वर चढते. तिची जागा घ्यायला आजूबाजूची हवा धावून येते. ती गरगर फिरते आणि धूळ, पाचोळा उचलते. डोळ्यांत धूळ जाईल म्हणून बाजूला व्हावे. भ्यायचे कारण नाही.

तेव्हा मुलाला अंगणात न्या. उत्तर लगेच सांगू नका. त्यालाच शोधू द्या.

१. बोट पाण्यात बुडवून उभे धरा. ज्या बाजूला गार लागते, तिकडून वारा येतो.
२. चिमूटभर भुसकट हातातून सोडा. ते कुठे गेले?
३. काठीला चिंधी बांधा. सकाळी पाहा, संध्याकाळी पाहा. दिशा बदलली का?
४. कागदाचे भिरभिरे करा. काटा तुम्ही टोचा. मूल उभे राहिले तर ते फिरते का? पळाले तर?

विजा चमकू लागल्या किंवा वादळ सुटले, तर मात्र लगेच घरात या.

काठीवरची चिंधी हा नुसता पोरखेळ नाही. विश्रांतवाडीजवळ लोहगावचा विमानतळ आहे. विमानतळावर खांबाला कापडाची लांब पिशवी लावतात. ती पाहून वाऱ्याची दिशा कळते. विमान शक्यतो समोरून वारा घेऊन उतरवतात.

ज्ञानोबामाउलींची पालखी आळंदीहून विश्रांतवाडीवरून पुण्याला येते. वारकरी दक्षिणेकडे चाललेले असतात. पावसाळी वारा पश्चिमेचा. म्हणून पताका बहुधा त्यांच्या डाव्या हाताला फडफडतात. मुलाला खांद्यावर घेऊन दर्शनाला जाल, तेव्हा विचारा, "सांग बाळ, वारा कुठून आला?"

याला पैसा लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. महागडी खेळणी न आणता त्यांनी आसपासच्या साध्या वस्तूंतून मुलांना शिकवले. अंगण हीच शाळा झाली.

आपण अक्षरे मोठेपणी शिकलो. आपल्या मुलाला तेवढे थांबायला लावू नका. त्याने विचारले, की हातातले काम घटकाभर ठेवा आणि त्याच्याबरोबर बाहेर चला.

सांगा पाहू :
१. उफणताना भुसकट लांब का जाते?
२. वावटळ कशी उठते?
३. आज तुमच्या अंगणात वारा कोणत्या दिशेने आला? मुलाला विचारून वहीत लिहा.