जुन्या गाडीचा फ्यूज बॉक्स बदलताना



रात्री एखाद्या वस्तीवरून रुग्ण घेऊन मुरुडमार्गे लातूर गाठायचे असेल, तर वाटेत गाडीचे दिवे जाणे परवडणारे नाही. आपल्यापैकी काहींकडे अजून पद्मिनी, अम्बॅसॅडर किंवा जुनी जीप आहे. म्हणून या अंकात हा पाठ.

दोष कुठे असतो?
जुन्या फ्यूज बॉक्समधील पितळी पट्ट्या गंजतात, सैल होतात. सैल जोडात रोध वाढतो, जोड तापतो आणि बॉक्स वितळू लागतो. फ्यूज शाबूत असूनही दिवे मिणमिणतात. अशा वेळी फ्यूज नव्हे, बॉक्सच बदलावा.

काम कसे करावे?
1. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा.
2. जुन्या बॉक्सचा फोटो घ्या. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून तिचे काम लिहा.
3. जळकी किंवा कडक झालेली वायर दिसली, तर ती आधी बदला. नाहीतर नवा बॉक्सही जळेल.
4. नवा, चपट्या पात्यांच्या फ्यूजचा बॉक्स पाणी न पोहोचणाऱ्या जागी घट्ट बसवा. एकेक वायर हलवा. नवी टोके नीट दाबून लावा.
5. बॅटरी जोडून एकेक दिवा, हॉर्न, वायपर तपासा.

फ्यूज किती अँपिअरचा?
वॅटला व्होल्टने भागा. 60 वॅटचा हेडलाइट 12 व्होल्टवर 5 अँपिअर घेतो. त्याला 10 अँपिअरचा लाल फ्यूज पुरतो. डाव्या-उजव्या दिव्यांना वेगळे फ्यूज द्या, म्हणजे एक उडाला तरी दुसरा दिवा राहतो. 15 चा फ्यूज निळा, 20 चा पिवळा असतो.

एक सावधगिरी: ब्रिटिश पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवरचा 35 हा आकडा वितळण्याचा आहे, सतत तो 17 अँपिअरच पेलतो. त्याच्या जागी 35 चा नवा फ्यूज शोधू नये.

फ्यूज वायरचे रक्षण करतो. त्याच्या जागी तांब्याची तार किंवा चंदेरी कागद घातला, तर फ्यूजऐवजी वायरच पेटते, आणि गाडीत माणसे असतात.

स्वतः तपासा
आपल्या गाडीत प्रत्येक मापाचे दोन जादा फ्यूज आणि टॉर्च आहे का? कोणता फ्यूज कशाचा, हे झाकणावर लिहिले आहे का? नसेल तर आजच लिहा. रात्री दुसराच कोणी गाडी चालवत असेल.