जुनी पिकअप आणि घरची निगा : एक अभ्यास

आपल्या निवासी शाळेत शिकून गेलेल्या अनेक मुलांच्या आईवडिलांनी उमेदीची वर्षे ऊसतोडीत घालवली. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घ्यायची, कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राची अथवा कर्नाटकाची वाट धरायची आणि उन्हाळा तोंडावर आला की परतायचे, हा बालाघाटातील वाडी-वस्तीचा वर्षानुवर्षांचा क्रम. त्या घरांतील पुढच्या पिढीने या क्रमातून बाहेर पडण्याचे जे मार्ग शोधले, त्यांत जुनी पिकअप गाडी विकत घेणे हा एक प्रमुख मार्ग आहे. हंगामात धारूरची सीताफळे, एरवी भाजीपाला, दूध, सिमेंट, जनावरांचा चारा, असे मिळेल ते भाडे करून कितीतरी कुटुंबे आज आपल्या पायावर उभी आहेत.

परंतु उचल फिटली तरी हप्ता सुरू होतो, हेही तितकेच खरे. गाडी दारात बंद पडून राहिली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून गाडी चालवता येणे पुरेसे नाही, ती सांभाळता येणेही आवश्यक आहे. इतिहासाच्या शिक्षकाने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न कोणास पडेल. श्रम, साधने आणि त्यांची मालकी यांचाच तर इतिहास असतो. आपल्या समाजाच्या हाती आलेले नवे साधन टिकावे, हा या लेखाचा हेतू होय.

साधनाची थोडी पूर्वपीठिका

दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. लष्करासाठी घडलेले हे वाहन पुढे खेड्यापाड्यांत पोहोचले. १९८६ मध्ये टाटा ४०७ आणि २००५ मध्ये 'छोटा हत्ती' या नावाने ओळखली जाणारी टाटा एस बाजारात आली. बोलेरो पिकअपसारख्या गाड्यांनी तर ग्रामीण महाराष्ट्राची मालवाहतूकच बदलून टाकली.

जुन्या पिकअपची रचना सरळ असते. खाली मजबूत लोखंडी चौकट, तिच्यावर इंजिन, मागे पाट्यांवर पेललेला हौदा. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि तेव्हापासूनच्या गाड्यांत संवेदक व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पुष्कळ वाढल्या. त्यांतील दोष शोधण्यास संगणक जोडावा लागतो. जुन्या गाडीचे बरेच दोष मात्र डोळ्यांना दिसतात, कानांना ऐकू येतात आणि हातांना जाणवतात. म्हणूनच ती घरी सांभाळता येते.

पहिले हत्यार : नोंदवही

पाने, पक्कड आणि जॅक यांच्याही आधी घ्यावयाची वस्तू म्हणजे दोनशे पानी वही. तीत तारीख, किलोमीटरचा आकडा, केलेले काम, बदललेला भाग, झालेला खर्च आणि भरलेले डिझेल यांची नोंद करावी. ज्याच्याकडे नोंद नाही त्याच्याविषयी इतर लोक वाटेल ते सांगतात, हे इतिहासाच्या अभ्यासकास नव्याने सांगावे लागत नाही. गाडीचेही तसेच आहे. ऑइल केव्हा बदलले हे मालकास आठवत नसेल, तर समोरचा म्हणेल ते खरे मानावे लागते.

नोंदवहीचा दुसरा लाभ असा की, दोष मोठा होण्यापूर्वी तो आकड्यांत दिसू लागतो. एका लिटरमागे मिळणारे अंतर दोन-तीन महिन्यांत हळूहळू घटत असेल, तर एअर फिल्टर तुंबला असेल, चाकांत हवा कमी असेल किंवा एखादे ब्रेक चाकास घासत असेल. रेडिएटरमध्ये दर आठवड्यास पाणी घालावे लागत असेल, तर ते कोठेतरी जात आहे. घरातील शाळकरी मुलामुलींना ही वही लिहावयास द्यावी. गणित व व्यवहार यांचा याहून चांगला पाठ नाही.

रोजची व आठवड्याची तपासणी

सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे द्यावीत. सपाट जागेवर, इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी काढून पुसावी, पुन्हा बुडवून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. पातळी वरच्या खुणेपलीकडे नेणेही हानिकारकच. गाडीखाली जमिनीवर डाग पडला आहे का, हे पाहावे. काळा डाग बहुधा ऑइलचा, हिरवट किंवा गुलाबी डाग कूलंटचा. चाकाच्या आतील बाजूस ओल दिसली, तर ब्रेक ऑइल गळत असण्याची शक्यता असते. अशा वेळी गाडी जागची हलवू नये.

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. थंड सकाळी क्षणभर येणाऱ्या पांढऱ्या धुराची चिंता नको. इंजिन तापल्यावरही तो येत राहिला, तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरत असण्याचा संभव असतो.

आपल्या भागातील धूळ हा इंजिनाचा मोठा शत्रू आहे. एअर फिल्टरचा कागदी भाग आठवड्यास काढून हवेने आतून बाहेर साफ करावा. तो पाण्याने धुऊ नये आणि फाटला असेल तर लगेच बदलावा, कारण गाळल्याविना आत गेलेली धूळ सिलिंडर घासून काढते. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची सवय सोडावी. त्या जड पाण्यातील क्षार नळ्यांत साचतात आणि उन्हाळ्यात चढावर गाडी तापते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात वापरावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी उसळून चेहरा भाजतो.

डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी वेळोवेळी सोडून द्यावे. फिल्टर बदलल्यावर हातपंपाने आतील हवा काढावी लागते, अन्यथा इंजिन सुरू होत नाही. बॅटरीची वायर काढताना प्रथम ऋण टोक काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. पाट्यांच्या पिना व मागच्या शाफ्टचे क्रॉस यांना ग्रीस भरणे आणि पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट तपासणे, ही कामेही घरी सहज होतात.

धारूरचा घाट आणि ब्रेक

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. धारूरहून तेलगावकडे उतरणारा घाट आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. अरुंद वळणे आणि तीव्र उतार असलेल्या या घाटातील अपघातांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. भरलेली पिकअप येथून उतरते, तेव्हा तिचा वेग रोखताना ब्रेकमध्ये प्रचंड उष्णता निर्माण होते. ब्रेक सतत दाबून ठेवला तर लायनर तापतात आणि त्यांची पकड सुटते.

यात ब्रेक ऑइलची भूमिका फार थोड्यांना ठाऊक असते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. काही वर्षे न बदललेले ऑइल म्हणूनच कमी तापमानाला उकळते. उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल तळाशी जाते. सपाट रस्त्यावर उत्तम चालणारा ब्रेक घाटाच्या मध्यावर का जातो, याचे हे एक प्रमुख कारण आहे. म्हणून दर दोन वर्षांनी, दिसायला ठीक असले तरीही, ब्रेक ऑइल बदलावे. हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. काम झाल्यावर पेडल कडक लागते का, हे गाडी जागेवर असतानाच पाहावे.

ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. गाडीचा वेग इंजिनाने धरून ठेवला की ब्रेकवरचा भार हलका होतो. डिझेल वाचावे म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे हा तर आत्मघात होय. त्यात बचतही होत नाही. गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाचे डिझेल जवळजवळ बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र ते इंजिन चालू ठेवण्यासाठी जळतच राहते. उतारावर इंजिन बंद करणे त्याहून घातक. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकला बळ देणारा व्हॅक्यूम पंप इंजिनाच्या फिरण्यावरच चालतो. इंजिन थांबले की दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर ते बळ संपते.

गाडीखाली जाण्यापूर्वी

घरच्या कामाला मर्यादा असते आणि ती ओळखणे हेच खरे कौशल्य. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कितीही क्षणभर, जाऊ नये. जागा सपाट व टणक असावी, जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि चौकटीखाली मजबूत लोखंडी स्टँड द्यावेत. विटांचा थर हा आधार नव्हे. वीट एकाएकी फुटते. स्टिअरिंग, ब्रेकची आतील जुळणी, डिझेल पंप आणि चौकटीचे वेल्डिंग ही कामे जाणकाराकडेच सोपवावीत. काढलेले जुने ऑइल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

सुधारणा : आधी कोणती, नंतर कोणती

हातात चार पैसे आले की गाडी सजवण्याची हौस होते. तिला दोष देण्याचे कारण नाही, परंतु क्रम चुकू नये. पहिला खर्च गाडी थांबवणाऱ्या भागांवर : ब्रेक आणि टायर. टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. टायरच्या बाजूस चार अंकी आकडा असतो. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. जुना टायर स्वस्त मिळतो तेव्हा हा आकडा अवश्य वाचावा.

दुसरा खर्च दिसण्यावर, म्हणजे रस्ता आपल्याला दिसण्यावर आणि आपण इतरांना दिसण्यावर. जुन्या वायरींमुळे हेडलाइटपर्यंत पूर्ण वीज पोहोचत नाही. रिले बसवून नवी वायर घातली, तर मूळ बल्बचाच उजेड लक्षणीय वाढतो. जास्त वॉटचे बल्ब लावले तर वायर वितळण्याचा धोका असतो. परावर्तक पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल असावी. उसाच्या हंगामात रात्रीचा रस्ता ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेला असतो, तेव्हा या पट्टीचे मोल कळते. तिसरा खर्च चालकाच्या आसनावर व हौद्याच्या तळाचा गंज काढण्यावर करावा. कर्णे, झालर आणि गाण्यांची पेटी यांचा क्रमांक त्यानंतरचा.

एक सुधारणा मात्र भ्रम निर्माण करते. मागे जास्तीचा पाटा घातला की गाडी बसत नाही, म्हणून ती अधिक माल पेलते असे वाटते. वस्तुतः ब्रेक, टायर आणि ॲक्सल पूर्वीचेच राहतात. पाटा वाढवल्याने ओझे दिसेनासे होते, कमी होत नाही.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. मालवाहू गाडीस आठ वर्षे पूर्ण झाल्यावर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. हौद्यात माणसे बसवणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. लग्नाचे वऱ्हाड असो वा मजुरांची टोळी, पोत्यांसाठी बनलेल्या जागेत माणसांना धरण्यास काहीच नसते आणि अपघातानंतर विम्याचे संरक्षणही हुलकावणी देते.

कौशल्य आणि नियम यांचे नाते समजण्यास सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांचे उदाहरण बोलके आहे. भंगारातील भाग जोडून त्यांनी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्र यांनी तिची जाहीर प्रशंसा केली. ती नियमांत बसत नसल्याचेही त्यांनी सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती लोहार कुटुंबास मिळाली. हाताची कला वंदनीय आहे, पण रस्ता सर्वांचा असल्याने तेथे नियमच चालतो, हा त्यातील बोध.

यंत्राचे ज्ञान ही आपली मिळकत

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्य कामगारांना बंद होती, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. अधिक मजुरीचे यंत्र समोर होते, पण हात लावू दिला जात नव्हता. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या आणि सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागा मागितल्या, त्यामागे हा अनुभव होता. आज यंत्र आपल्या अंगणात उभे आहे. त्याला हात लावण्यास कोणाची मनाई नाही. ते समजून न घेता केवळ चालवत राहणे म्हणजे मिळालेला हक्क अर्धाच वापरणे होय.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकले, ज्यांची स्वतःची गॅरेजे आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार शाळेसाठी द्यावा. ऑइल पाहणे, चाक बदलणे, ब्रेकची तपासणी आणि नोंदवही लिहिणे एवढे चार पाठ नववी-दहावीच्या मुलांना व मुलींना प्रत्यक्ष गाडीवर शिकवावेत. आईलाही गाडीची वही वाचता यावी, कारण हप्त्याची चिंता तिचीही असते. येत्या हंगामात सीताफळांचे कॅरेट हौद्यात भरण्यापूर्वी प्रत्येक घराने ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले एवढे वहीत पाहावे. नोंद सापडली नाही, तर वहीचे पहिले पान त्याच दिवशी लिहावे.