विज्ञानपट कसा पाहावा? नरकासुरापासून मंगळापर्यंत



गेल्या सत्रापासून दर शनिवारी शेवटच्या दोन तासिकांना आम्ही आठवी-नववीच्या मुलांना विज्ञानपटांतील निवडक दृश्ये दाखवत आहोत. त्यावर पालकसभेत प्रश्न आला की परीक्षेत याला गुण किती? गुण शून्य, हे आम्ही तिथेच सांगितले. मग हा खटाटोप कशासाठी, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर सभेत दोन मिनिटांत देता आले नाही, म्हणून हा लेख. आमचे महाविद्यालयीन शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे एखादे वाक्य हिंदी वळणाचे झाले, तर मराठीच्या शिक्षकांनी नेहमीप्रमाणे सांभाळून घ्यावे.

सुरुवात आमच्या एका चुकीपासून झाली. आठवीतल्या एका मुलाची गणिताची वही तपासायला आली. मागची बारा-पंधरा पाने अंतराळयानांनी भरलेली. आम्ही ती वही वर्गासमोर उंच धरली, सर्वांना दाखवली आणि जे बोलायचे नव्हते ते बोललो. वर्ग हसला. वही दोन दिवस कार्यालयात पडून राहिली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही ती सहज चाळली, तेव्हा लक्षात आले की ही याने कुठल्या पोस्टरवरून उतरवलेली नाहीत. त्यांना पोचे होते, गंज होता, एका यानाच्या मागच्या फळक्याला तारेने बांधलेली दोरी होती. मुलगा डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यातला. २०१२ साली खाणी बंद झाल्या, पुढे सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. आता त्यातल्या काही परत चालू झाल्या आहेत; पण त्याच्या घराच्या अंगणात वडिलांचा टिपर कित्येक पावसाळे आंब्याखाली उभाच होता. यानांचे मूळ तिथे होते. आम्ही वही परत केली, चुकलो असेही म्हणालो. त्यानंतरच्या महिन्यात त्याच्या सर्व वह्यांची मागची पाने कोरी आली. मुख्याध्यापकाला कोरी पाने पाहून समाधान वाटायला हवे, आम्हाला वाटले नाही.

आता विषयाकडे वळू.

१९७७ साली जॉर्ज लुकास यांचा 'स्टार वॉर्स' आला. त्याआधीच्या बहुतेक चित्रपटांतील अंतराळयाने नव्या स्टीलच्या भांड्यासारखी चकचकीत असत. लुकास यांनी याने मळवली. तेलाचे ओघळ, खरचटलेला रंग, ठिगळे. पाहणाऱ्याला न सांगता कळते की हे यान जुने आहे, याने बरेच प्रवास केले आहेत, मालकाकडे दुरुस्तीला पैसे नाहीत. पडद्यावर डोक्यावरून सरकत जाणारे ते अजस्र जहाज प्रत्यक्षात सुमारे ३ फूट लांबीची प्रतिकृती होती. दुकानात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या, विमानांच्या खेळण्यांचे सुटे भाग कारागिरांनी तिच्यावर चिकटवले होते. बारीक तपशील जितके जास्त, तितकी वस्तू मोठी भासते, हे त्यामागचे साधे तत्त्व. आमच्या त्या विद्यार्थ्याला हे कुणी शिकवले नव्हते. त्याने टिपर पाहिला होता.

आपल्या भागातल्या मुलांना हे शास्त्र परके नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री पेडणे असो वा डिचोली, वाड्यावाड्यावर नरकासुर उभा राहतो. बांबूचा सांगाडा, गवत, कागद, वर मुखवटा. अलीकडे हात हलवणारा, डोळे पेटवणारा, तोंडातून धूर सोडणारा नरकासुरही दिसतो. वीस फुटांचा पुतळा लांबून कसा दिसेल, दिवा खालून लावला तर चेहरा भेसूर का होतो, हे मुलांना अनुभवाने माहीत असते. विज्ञानपटाचा कलादिग्दर्शक हेच काम करतो, त्याला फक्त पैसे जास्त मिळतात. शिगम्याच्या चित्ररथांचेही तसेच. आणि पेडण्याच्या जत्रांतले दशावतारी नाटक पाहा. पारंपरिक दशावतारात रंगमंचावर एक बाकडे असते. तेच सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर. काळ्या वेषातला संकासुर आला की लहान मुले आईच्या मागे लपतात. परग्रहवासी याहून वेगळा काय असतो? आता 'ट्रिकसीन'वाले दशावतारही जोरात आहेत, त्यांत दिव्यांची आणि धुराची करामत असते. आम्हाला स्वतःला बाकड्याचे दशावतार अधिक आवडतात, पण मुले आमच्याशी सहमत नाहीत, हेही नमूद करतो.

या करामतीचा इतिहास आपल्या घरचाच आहे. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांनी १९०२ साली चंद्रावरच्या सफरीचा छोटा चित्रपट काढला. ते मूळचे जादूगार. कॅमेरा थांबवायचा, माणूस बाजूला करायचा, कॅमेरा पुन्हा चालू करायचा, की माणूस गायब. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्याआधी एका रोपट्याच्या वाढीचे चित्रीकरण केले होते. कुंडीत वाटाणा पेरून ठरावीक अंतराने एकेक चित्र घ्यायचे. महिनाभराहून अधिक काळ चाललेली वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसे. ही निव्वळ विज्ञानाची तासिका होती. पुढे 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) यांत त्यांनी हीच विद्या पुराणकथांसाठी वापरली, आणि 'कालिया मर्दन'मधला बाळकृष्ण त्यांच्या कन्या मंदाकिनी यांनी साकारला. वाटाण्याचा प्रयोग आज कुठल्याही मोबाईलवर करता येतो. आठवीच्या तीन गटांनी तो केला. एका गटाची कुंडी मांजराने पाडली, तेही चित्रीकरणात आले आहे.

विज्ञानपट पाहताना आम्ही मुलांना एक प्रश्न विचारायला लावतो: हे दृश्य असे का दिसते? उत्तर कधी विज्ञानात मिळते, कधी खर्चाच्या हिशेबात, कधी नुसत्या सोयीत.

'मिस्टर इंडिया' (१९८७) आम्ही कॉलेजात असताना पाहिला. अदृश्य माणूस लाल प्रकाशात दिसतो, एवढा एकच नियम. विज्ञानाच्या कसोटीवर तो टिकत नाही. पण लाल काचेच्या तुकड्यात सारा खेळ बसवलेला आहे आणि प्रेक्षकाला नियम एकदा कळला की पुढचे सगळे भय आणि गंमत त्यावर चालते. 'कोई मिल गया' (२००३) मधला जादू तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. तो संगणकाने काढलेला नव्हता. त्या वेषात इंद्रवदन पुरोहित हे नट होते. म्हणूनच तो मुलाचा हात धरतो तेव्हा हात खरोखर धरलेला दिसतो.

स्टॅन्ली कुब्रिक यांचा '२००१: अ स्पेस ओडिसी' १९६८ चा, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या वर्षभर आधीचा. त्यात एक अंतराळवीर गोल खोलीत धावतो आणि धावता धावता भिंतीवरून छतावर जाऊन परत येतो. त्यासाठी ३८ फूट व्यासाचे, फिरणारे चक्रच बांधले होते. चक्र फिरे आणि नट तळाशीच धावत राही, जसा जत्रेतल्या आकाशपाळण्याच्या तळाशी कुणी जागच्या जागी पावले टाकावीत. पण यान असे गोल फिरवायचेच कशाला? पाण्याने भरलेली बालदी गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही. बालदीचा तळ पाण्याला सतत आत ढकलत असतो, तसाच फिरत्या यानाचा तळ पायांना ढकलतो, आणि शरीराला वजन असल्यासारखे वाटते. नववीच्या पुस्तकातली वर्तुळाकार गती ती हीच. दुसरी गोष्ट आवाजाची. अंतराळात हवा नाही, म्हणून ध्वनी नाही. या चित्रपटात यानाबाहेर पुष्कळदा अंतराळवीराचा स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. 'स्टार वॉर्स'मध्ये मात्र याने गर्जना करत जातात. कोणते बरोबर, हे सर्व मुलांनी सांगितले. कोणते आवडले, यावर निम्मा वर्ग गर्जनेच्या बाजूने होता, आणि खरे सांगायचे तर '२००१' पाहताना मागच्या बाकांवर दोघे झोपले होते. आम्ही त्यांना उठवले नाही.

आता मंगळाविषयी थोडे सविस्तर, कारण हा ग्रह डिचोलीच्या मुलांना इतर कुणाहून अधिक ओळखीचा वाटायला हवा. आपली माती तांबडी का? मुसळधार पावसाने हजारो-लाखो वर्षे खडकातली सिलिका आणि इतर द्रव्ये धुऊन नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे राहिली. जांभ्या दगडाचा रंग तोच, खाणीतल्या खनिजाचा तोच. मंगळही लोहाच्या ऑक्साइडमुळेच तांबडा आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे मांडले गेले की मंगळाच्या धुळीत मुख्यतः फेरिहायड्राइट हे पाण्याचा अंश असलेले लोहखनिज असावे, म्हणजे ती गंजली तेव्हा तिथे पाणी होते. रिडली स्कॉट यांच्या 'द मार्शियन' (२०१५) चित्रपटातला मंगळ जॉर्डन देशातल्या वादी रम या वाळवंटात चित्रित झाला. ते दृश्य दाखवल्यावर शिरगावच्या बाजूची मुले एकदम म्हणाली, "सर, हे आमच्याकडेच काढता आले असते!" खाणीचे खंदक पाहिलेल्या कुणालाही ते पटेल.

पण याच चित्रपटात एक मोठी थाप आहे. सुरुवातीच्या वादळात माणसे उडतात, यान कलंडते. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तिथला वारा कितीही वेगाने वाहिला तरी यान पाडण्याइतका जोर त्यात येणार नाही. मूळ कादंबरीचे लेखक अँडी वेअर यांनी ही सूट जाणूनबुजून घेतल्याचे मान्य केले आहे. मंगळावर दिवसाचे आकाश पिवळट-तपकिरी आणि सूर्यास्त मात्र निळसर असतो, कारण तिथली बारीक धूळ सूर्याभोवतीचा निळा प्रकाश पुढे येऊ देते. आपल्या हरमलच्या किनाऱ्यावर दिसतो त्याच्या बरोबर उलटा. चित्रकलेच्या शिक्षकांनी हा निळा सूर्यास्त जलरंगात काढायला दिला, तेव्हा दोन पालकांनी मुलाने रंग चुकवला म्हणून चौकशी केली.

भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. त्याच २०१३ साली आलेल्या 'ग्रॅव्हिटी' या अंतराळपटाला त्याहून अधिक खर्च आला होता. विश्वस्तांपैकी जे हिशेब पाहतात, त्यांना हा आकडा नक्की आवडेल.

कृष्णविवराची गोष्टही सांगायला हवी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग कळले की लेखक डॉ. जयंत विष्णू नारळीकर आहेत. नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी टोपणनाव घेतले होते, आपल्या कीर्तीमुळे परीक्षकांचा तोल जाऊ नये म्हणून. २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले. २०१४ साली 'इंटरस्टेलर' चित्रपट आला, त्यातले कृष्णविवर किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाच्या समीकरणांवरून संगणकाने काढले होते. काही चित्रचौकटींना प्रत्येकी शंभर तासांपर्यंत वेळ लागला. पुढे एप्रिल २०१९ मध्ये खऱ्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगासमोर आली: काळा मध्य, भोवती प्रकाशाचे कडे. मुलांना कथा, चित्रपट आणि प्रतिमा या क्रमाने तिन्ही दाखवल्या. वर्गात इतकी शांतता आम्ही प्रार्थनेच्या वेळीही पाहिलेली नाही.

पालकांनी विचारले आहे की हाणामारीचे काय. विचारणे रास्त आहे. अलीकडच्या पुष्कळ विज्ञानपटांत शहरे पाडण्यापलीकडे काही घडत नाही आणि तेही इतक्या वेळा की तिसरी इमारत कोसळताना आम्हाला घड्याळ पाहावेसे वाटते. तसले काही शाळेत दाखवले जात नाही. २००४ पासून 'इफ्फी' गोव्यात भरतो, पणजीत विज्ञान परिषदेचा विज्ञान चित्रपट महोत्सव आहे, मिरामारला विज्ञान केंद्र आहे. तिथे मुलांना घेऊन जावे. विश्वस्तांकडे एकच मागणी आहे: चित्रकलेच्या खोलीला जाड काळे पडदे. दुपारच्या उजेडात मंगळ पांढरा दिसतो.

नारळीकरांचे उदाहरण समोर ठेवून यंदा विज्ञान प्रदर्शनासाठी यानांची चित्रे नाव न लिहिता मागवली होती. चौतीस आली. त्यांत गंजलेल्या यानाचे एकही नव्हते.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुले पुठ्ठ्याची मंगळगाडी रंगवत होती. सगळीकडे सारखा तांबडा रंग फासून झाला होता आणि आम्ही छान म्हणून पुढे निघालो होतो. तो मुलगा दारात उभा होता. कुणी बोलावले नव्हते. आत आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "असा नाही लागत. माती चाकाच्या मागे उडते. मडगार्डच्या आत जास्त, वर नुसती धूळ. आणि जिथे हात लावून चढतात तिथला रंगच गेलेला असतो." कुणीतरी त्याच्या हातात ब्रश दिला. साडेपाचची बस चुकली, म्हणून त्याला घरी सोडायला आम्हीच गेलो. टिपर अंगणात नव्हता. दीड महिन्यापूर्वी पुन्हा कामाला लागला, असे त्याच्या आईने सांगितले.